विद्यापीठ वजा जाता

आमच्या गल्लीतल्या मोजणीबाईला दारातूनच वाटेला लावणारा माणूस अजून जन्माला यायचाय. साबण कोणता वापरता, डास कुठल्या खोलीत जास्त, घरातलं शेवटचं भांडण कशावरून झालं, असले प्रश्न विचारत ती उभा जन्म लोकांच्या घरांत शिरली आणि प्रत्येक घरातून चहा पिऊनच बाहेर पडली. कंपन्या बदलल्या, सर्वेक्षणं बदलली, बाई तीच. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला बघतोय. आमच्याकडे नवराबायकोत काही वाजलं की शेजारपाजारच्यांआधी हिला कळायचं. आता दुसऱ्याच्या चौकशांना मी नावं ठेवावीत हे जरा अतीच, असं आमच्या हिचं मत. पण माझ्या चौकशा फुकटच्या. तिला त्याचा पगार मिळायचा, एवढाच काय तो फरक.

तिचा नवरा म्हणजे आख्ख्या गल्लीचा जावई. लांबच्या नदीकाठच्या गावातून विद्यापीठात शिकायला आला, तिच्या वडिलांची माडीवरची खोली भाड्याने घेतली, आणि बघता बघता भाडं द्यायचं बंद झालं. सासऱ्याला कोण भाडं देतं? तेव्हापासून सगळे त्याला जावईबुवाच म्हणायला लागले. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या बोळात त्यांचं दुकान होतं. प्रयोगशाळांचे सूक्ष्मदर्शक दुरुस्त करायचे, नाजूक तराजू सरळ करायचे, भिंगं घासून द्यायची. हात असा हलका की बिघडलेलं यंत्र त्यांच्या बोटांखाली अंग सैल सोडायचं. मूलबाळ नव्हतं. दोघंच होते, पण बडबड चौघांची. नवरा-बायको एकमेकांशी इतकं बोलतात हे आमच्या हिला फार खुपायचं. खुपायचं म्हणजे माझ्याकडे बघून खुपायचं.

तर झालं असं. विद्यापीठाला शेजारची मोकळी जमीन हवी होती. महापालिका म्हणाली, तुमच्यामुळे शहराच्या पदरात काय पडतं ते आधी दाखवा. अर्थशास्त्र विभागातल्या एका तरुण प्राध्यापिकेने हे काम अंगावर घेतलं. चुणचुणीत बाई, बोलताना सतत चष्मा पुसायच्या. प्राध्यापकांचे पगार कुठल्या दुकानांत जातात, मुलं खोल्यांना काय मोजतात, कोणाची रिक्षा कोणामुळे चालते, हे सगळं घरोघरी जाऊन विचारायचं. पण नुसत्या बेरजेने भागत नाही म्हणे. विद्यापीठ नसतं तरी लोकांनी दाढ्या केल्याच असत्या आणि बूट घेतलेच असते. जे तसंही झालंच असतं ते वजा करायचं. मग उरेल तेवढंच विद्यापीठाचं.

म्हणून शेवटचा प्रश्न असा होता: समजा, विद्यापीठ इथे कधी नव्हतंच. तर तुमचं काय असतं?

बाकीचे सर्वेक्षक हा प्रश्न उंबऱ्यातूनच फेकायचे, ‘सांगता येत नाही’ असं लिहायचे आणि पुढचं दार वाजवायचे. मोजणीबाईचा खाक्या वेगळा. ती आधी पेन पिशवीत ठेवायची. मग गप्प बसायची. एवढी बोलकी बाई गप्प बसली की समोरच्याला उगाचच कसंतरी व्हायचं. मग ती उठून खोलीतल्या एकेका वस्तूवर तळहात ठेवायची आणि हळूच विचारायची, "हे असतं का?" माणूस म्हणायचा, असतं. किंवा म्हणायचा, नसतं. असं करत करत अख्खी खोली. शेवटी माणूस स्वतःच सांगू लागायचा, इथे काय असतं, खिडकीतून काय दिसलं असतं, वास कसला आला असता. प्राध्यापिका खूश. "तुमच्यासारखी उत्तरं कोणीच आणत नाही हो," म्हणायच्या. आणणार कुठून? बाकीचे विचारायचे. ही दाखवायची.

गंमत सुरू झाली ती झेरॉक्सवाल्यापासून. त्याने सांगितलं होतं की विद्यापीठ नसतं तर दुकानाच्या जागी आजोबांची कोबीची शेती असती. दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन गेलो, तर हा पठ्ठ्या दोन यंत्रांमधून पाय उचलून उचलून चालतोय. बाहेर पडताना कोरड्या ठणठणीत पायरीवर चपलेचा तळ घासतोय.

"काय रे, काय लागलं?"

"चिखल," तो म्हणाला. मागून एक विद्यार्थी आत शिरला, तसा हा ओरडला, "ए बाबा, वाफ्यातून नको! कडेने ये!"

मी हसलो. पोरगाही हसला, पण आला कडेनेच.

मग खोल्यावाली मावशी. तिच्या माडीवर विद्यापीठातल्या मुली भाड्याने राहायच्या. मोजणीबाईने तिला छताकडे बघायला लावून विचारलं होतं, आणि मावशी म्हणाली होती, "वर कोण असणार? रिकामं. धूळ नुसती." त्यानंतर एके सकाळी माडीच्या खिडकीतून मुली जिवाच्या आकांताने ओरडताना ऐकल्या. मी आणि मोजणीबाई धावत गेलो. जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप. मावशी खाली भाजी निवडत बसलेली.

"मावशी, अहो, वर मुली कोंडल्यात!"

"कुठल्या मुली?"

"तुमच्या! भाडेकरू!"

"भाड्याने राहायला इथे कोण येतंय मरायला?" मावशी म्हणाली. "आणि चहाटळपणा पुरे. तुम्हाला कामधंदा नाही, मला आहे."

वर लाथा बसत होत्या. छताचा चुना मावशीच्या केसांत गळत होता. तिने तो हाताने झटकला. "उंदीर झालेत वर. भरपूर."

ते ‘भरपूर’ ती ज्या शांतपणे म्हणाली, ते मला अजून ऐकू येतं. कुलूप मीच दगडाने तोडलं. मुली मावशीला ढकलून बाहेर पळाल्या, आणि मावशी धक्का कुठून आला हे बघायला भिंतीकडे वळली.

घाबरू नका, दोघंही ताळ्यावर आली. मावशीला भाड्याची तारीख उजाडली तशी पावलं ऐकू यायला लागली. तिचा जीव कशात अडकलाय हे मी गल्लीला आधीपासूनच सांगत होतो. झेरॉक्सवाल्याच्या दारात परीक्षेआधीची रांग लागली आणि कोबी नाहीशी झाली. विद्यापीठाने ज्याला जे दिलं, त्यानेच त्याला ओढून परत आणलं. मोजणीबाईच्या मनाला ते थोडं लागलं, पण काम सोडेल ती कसली? "मी फक्त विचारते काका," ती म्हणाली. "जातात ते आपल्या पायांनी."

आणि मग नमुन्यात तिचंच घर आलं.

घरं विभागात सोडत काढून ठरायची आणि आलेलं घर बदलायचं नाही, हा नियम. सर्वेक्षकाने स्वतःचं घर करायचं नाही, ते दुसऱ्याकडे द्यायचं, हाही नियमच. हा दुसरा म्हणजे पळपुट्या. त्याचं खरं नाव कोणी विचारलं नाही, कारण तो थांबेल तर ना. मोजणीबाई बिथरली: माझ्या घराचं उत्तर हा उंबऱ्यातून खरडणार? आख्ख्या शहराची उत्तरं मी पाझर फोडून आणली आणि माझ्याच घराचं ‘सांगता येत नाही’? ते तिच्या गळी उतरेना. आमच्या हिने तिला जिन्यात गाठून सांगितलं, "दुसऱ्या कोणालाही विचार गं बाई. नवऱ्याला हा प्रश्न नको."

"का? घाबरतील?"

"तो नाही. तू."

रविवारची दुपार होती. मी तिथेच जावईबुवांबरोबर पत्ते खेळत बसलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. मोजणीबाई बाहेर गेली, दार वाजवून परत आली आणि गिऱ्हाइकाशी बोलावं तशी म्हणाली, "घराचे प्रमुख आहेत का?"

"समोर उभ्या आहेत की," जावईबुवा म्हणाले. "मी आपला जावई."

आम्ही तिघंही हसलो. खर्चाचे प्रश्न झाले, दुकानाचे झाले. मग तिने पेन पिशवीत टाकलं आणि गप्प बसली. जावईबुवांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त आतलं विझलं.

तिने खुर्चीवर हात ठेवला. "ही असती का?"

"असती. तुझ्या वडिलांची."

"हा आरसा?"

"नसता. पहिल्या कमाईतून आणलेला तो."

रेडिओ नसता. पुस्तकांचं कपाट नसतं. छत्र्यांच्या खुंटीवर एकच छत्री असती. मी म्हटलं, "अगं पुरे की, माझा डाव थांबलाय." पण तिला मी ऐकूच गेलो नाही. तिने हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "मी?"

"तू असतीस. इथेच जन्मलीस, इथेच असतीस. दुसऱ्या कोणाची तरी."

"आणि तुम्ही?"

मग त्यांनी नाक उचलून हुंगलं. "ओलं लाकूड," ते म्हणाले. "भावाची वखार आहे ना नदीवर. मी तिथेच. करवत मीच चालवतो." ‘चालवली असती’ नाही म्हणाले. चालवतो म्हणाले. हातातले पत्ते त्यांनी पालथे ठेवले, ते पुन्हा उचललेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी ते घराबाहेर उभे राहून स्वतःचंच दार वाजवत होते. मोजणीबाईने उघडलं तर म्हणतात, "मालक आहेत का? लाकडाचं विचारायला आलो होतो." मालक म्हणजे तिचे वडील. त्यांना जाऊन युगं लोटली. ती म्हणाली, "अहो, मी." ते अदबीने दोन पावलं मागे सरले. "माफ करा बाई, आपली ओळख नाही."

आमची ही रोज डबा घेऊन जायची आणि येऊन सांगायची. गादी झाडली की भुसा निघतो. ताजा, पिवळा. आमच्या गल्लीपासून कोसभरात लाकडाचं दुकान नाही. आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं ते वापरत नाहीत. बोटं आहेत, धडधाकट आहेत, पण कप धरायचा तो तीन बोटांत. उरलेली दोन तशीच लोंबतात, दुसऱ्या कोणाची असावीत तशी. हिने न राहवून विचारलं, "बोटांना काय झालं हो?" तर म्हणाले, "करवतीत गेली. जुनी गोष्ट आहे."

मी जाऊन पाहिलं. त्या बोटांना हात लावला. गार होती.

मोजणीबाईने सगळे उपाय केले. विभागातून बिघडलेला सूक्ष्मदर्शक मागवून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा धरला, भिंगाच्या बाजूने डोळा लावला. "यातून काय दिसायचं?"

"माझं डोकं," ती म्हणाली आणि आत जाऊन रडली.

मग तिने प्रश्नच उलटा केला. "समजा, विद्यापीठ आहे. तर?"

"असेल बाई," ते म्हणाले. "आमच्या नदीकडे नाही."

प्राध्यापिका स्वतः येऊन गेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि पुटपुटल्या, "म्हणजे या माणसाचं शहरातलं असणं पूर्ण विद्यापीठाच्या खात्यात जातं. इतकं स्वच्छ उत्तर मी कधी पाहिलं नाही." मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं असावं. चहा न घेताच गेल्या.

सगळ्यात वाईट मात्र आमच्याच घरात घडलं. एका संध्याकाळी ही भाजी चिरत मला विचारते, "अहो, मोजणीबाईचं लग्न झालं होतं ना?"

"असं काय विचारतेस? जावईबुवा!"

"हो हो. जावईबुवा," ती म्हणाली. पण माणूस कसा दिसतो हे तिला आठवत नव्हतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, कारण मलाही चेहरा जुळवायला वेळ लागला. म्हणजे ते नुसते स्वतःलाच विसरत नव्हते. गल्लीतूनही पुसले जात होते. मोजणीबाईच्या हातात फार वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडे येऊन जमिनीवर बसली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"काकू, मावशीला भाड्याने ओढून आणलं. झेरॉक्सवाल्याला गिऱ्हाइकाने. यांना कोण आणणार?"

"तू," ही म्हणाली.

"मला तर त्यांनी ‘असती’ मध्ये टाकलंय. मी विद्यापीठाने दिलेली नाहीच त्यांच्या लेखी. माझ्याकडे दोर नाही." तिने पिशवी पुढ्यात ओढली. "ते येत नसतील तर मला जायला हवं. काकू, तुम्ही मला विचारा."

"मी? मला नाही जमायचं ते!"

"तुम्हाला काकांच्या खिशातलं सगळं विचारता येतं. विचारा."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला पेपर खाली ठेवला. हिने चाचरत विचारलं, "विद्यापीठ कधी नव्हतंच, तर तुझं काय असतं गं?"

"हेच. दारोदार फिरले असते. साबणाच्या कामाला नदीकडच्या गावांना कोणी जायचं नाही, मला पाठवायचे. त्या वखारीच्या दारात मी कधी ना कधी उभी राहिलेच असते."

"कशावरून?" मी म्हटलं. "दुसऱ्या रस्त्याने गेली असतीस तर?"

"मी दार सोडलंय कधी, काका?"

मग तिने सवयीने हात पुढे केला आणि हिच्या खांद्यावर ठेवला. आम्ही दोघंही श्वास धरून बसलो.

"काकू असत्या का?" ती स्वतःलाच विचारत होती. "असत्या. काकाही असते. पण लांब." हिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मोजणीबाई रडली नाही. ती हुंगत होती.

तिने पिशवी खांद्याला लावली, रस्ता ओलांडला आणि स्वतःच्या घराचं दार वाजवलं. मी गॅलरीत उभा राहिलो. लपून नाही, सरळ वाकून.

"कोण?"

"सर्वेक्षणाला आलेय. वखार तुमचीच का?"

"भावाची. बघतो मीच." जावईबुवा दारात आले. तिच्याकडे नीट बघितलं, कित्येक दिवसांत कोणाकडे बघितलं नव्हतं तसं. "या आत. पदर सांभाळा, भुसा आहे."

"घरात किती माणसं?"

"भाऊ, वहिनी आणि मी."

"तुमचं लग्न?"

"इतक्या लांब कोण मुलगी येतीय!"

"मी आले की," ती म्हणाली. "चालत. पाणीसुद्धा विचारलं नाहीत अजून."

ते हसले. त्यांचं ते जुनं हसू गल्लीभर ऐकू गेलं, आणि गल्लीतल्या कोणीही मान वर केली नाही. पाणी द्यायला त्यांनी तांब्या उचलला. पाची बोटांनी उचलला का तिनांनी, ते मला दिसलं नाही, कारण ती मध्ये उभी होती. दार लागलं.

विभागातून पुढे पळपुट्या एकदा येऊन गेला. दार वाजवलं, थांबला, चक्क थांबला, आणि ‘घर बंद’ असं लिहून गेला. विद्यापीठाला जमीन मिळाली. आता तिथे भिंत उभी राहतेय.

घर बंद नाही. मी गेलो होतो. दार नुसतं लोटलेलं होतं. ओल्या लाकडाचा वास असा की घशात बसावा. ती दोघं समोरासमोर बसून जेवत होती. मोजणीबाईने माझ्याकडे पाहिलं आणि अनोळखी माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "या ना. लाकूड हवंय? कुठून आलात?"

मी तोंड उघडलं. माझं घर पाठीमागे, रस्त्यापलीकडे. पण खरं सांगतो, त्या क्षणी ‘इथूनच’ हा शब्द मला सापडेना. तेवढ्यात गॅलरीतून हिने हाक मारली, "अहो, चहा गार होतोय!" आणि मी पळालो. या वयात पळालो.

तेव्हापासून आम्ही आत जात नाही. गॅलरीतून ऐकतो. दोघांची बडबड पूर्वीसारखीच चालते, फक्त ओरडून. "अगं, पाणी दे!" "काय?" "पाणी!" रस्ता शांत, घर शांत, आणि त्यांना एकमेकांचं ऐकू यायला घसा ताणावा लागतो. मग भर दुपारी एकाएकी दोघांचे आवाज खाली येतात, अगदी कुजबुजीइतके. त्या वेळी वखारीत करवत जेवणासाठी थांबते.